चैत्रगौरीचा महिना: गौर बसवण्यापासून आंबेडाळीपर्यंतची तयारी

पाडव्यानंतर दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर तिथेच राहते. २०२६ च्या पंचांगात हा काळ २१ मार्च ते १९ एप्रिल असा येतो. पार्वती सासरहून माहेरी आली आहे, ही यामागची भावना. ऐन उन्हाळ्यात माहेरी आलेल्या लेकीला काय हवं असतं? गार काहीतरी प्यायला, झोक्यावर निवांत बसायला, जुन्या मैत्रिणी भेटायला. चैत्रगौरीतलं पन्हं, झोपाळा, चंदन, वाळा, मोगरा आणि हळदीकुंकू हे सगळं त्यातूनच आलेलं आहे. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय सोडायचं असा प्रश्न पडला, की तो याच कसोटीवर सोडवावा. आरास एक पायरी कमी झाली तरी बिघडत नाही, पण पन्हं कोमट निघालं तर पाहुणचारच राहून गेला.

याच तिथीला राजस्थानात गणगौरीचा शेवटचा आणि सर्वांत मोठा दिवस असतो. तिथे धुळवडीपासून ईसर आणि गौर, म्हणजे शंकर-पार्वती, यांची पूजा चालू असते. या दिवशी जयपुरात मिरवणूक निघते, आणि उदयपुरात पिछोला तलावाकाठी तर गणगौर घाटच आहे. मध्य प्रदेशातल्या निमाडात हीच जोडी रणुबाई आणि धणियर राजा म्हणून ओळखली जाते. तिकडे गौरीला निरोप देतात, तेव्हा आपल्याकडे ती नुकती झोक्यावर बसलेली असते. कर्नाटकातही चैत्रगौरीला बायका एकमेकींकडे जातात आणि त्यांच्या हातावर कोसंबरी आणि पानक येतं, म्हणजे भिजवलेली डाळ आणि गार गोड पेय. आपल्या आंबेडाळीची आणि पन्ह्याची ही सख्खी बहीण.

गौर बसवणे

मूर्ती वेगळी विकत आणायची गरज नाही. लग्नात गौरीहर पुजताना वधूला माहेरून मिळालेली अन्नपूर्णा हीच बहुतेक घरांत चैत्रगौर होते. ती नसेल तर देवीची कोणतीही छोटी धातूची मूर्ती चालते. झोपाळा मात्र मूर्तीच्या मापाचा हवा. पुण्यात तुळशीबागेत, नाशकात भांडी बाजारात आणि मुंबईत भुलेश्वर-दादर भागात पितळी झोपाळे मिळतात. घेताना मूर्ती सोबत न्या आणि दुकानातच बसवून, झोका देऊन बघा. बैठक उथळ असेल किंवा साखळ्या कमीजास्त लांबीच्या असतील, तर मूर्ती पुढे कलते आणि मग महिनाभर प्रत्येक झोक्याला तिला सावरत बसावं लागतं. बैठकीवर जाडसर कापडाची छोटी गादी शिवून घातली तर मूर्ती घसरत नाही.

तृतीयेला सकाळी मूर्ती आणि झोपाळा चिंच-मीठ लावून घासा, स्वच्छ धुवा आणि अगदी कोरडे पुसा. चिंचेचा अंश राहिला तर पितळ दोन दिवसांत काळपट पडतं. मग मूर्तीला पंचामृत आणि शुद्ध पाण्याने स्नान घाला, पुसून झोपाळ्यात ठेवा. हळद-कुंकू, अक्षता, कापसाचं वस्त्र, मोगरा किंवा घरात असतील ती फुलं वाहा. नैवेद्य आपल्या घरच्या रीतीचा. रीत माहीत नसेल तर दूध-साखर किंवा खीर पुरे. नैवेद्य दाखवून हलका झोका द्या.

रोजची पूजा याहून लहान: दिवा, हळद-कुंकू, एखादं फूल आणि झोका. घरातल्या मुलांना झोका देण्याचं काम सांगा, ती ते विसरत नाहीत. तृतीयेच्या दिवशी सोयर-सुतक किंवा प्रवास आला तर ते संपल्यावर चांगल्या दिवशी गौर बसवा. महिना हाताशी असतो. घरात आजवर चैत्रगौर बसत नव्हती म्हणून सुरू करू नये, असंही काही नाही.

चैत्रांगण

दाराशी किंवा देवासमोर काढायची ही रांगोळी म्हणजे गौरीच्या अवतीभवतीचं अख्खं जग. पूर्वी सारवलेल्या अंगणात ती चैत्रभर रोज निघायची. फ्लॅटमध्ये दोन फूट लांब-रुंद प्लायच्या फळीला गेरूचे दोन हात द्यायचे आणि तिच्यावर काढायची. फळी भिंतीकडेला सरकवता येते आणि दर आठवड्याला पुसून नवी काढता येते. गेरू पूर्ण वाळू द्या, ओलसर राहिला तर रांगोळीच्या रेघा फिस्कटतात.

पारंपरिक चैत्रांगणात ५१ चिन्हं काढतात असं सांगतात. घराघरांत संख्या बदलते, त्यामुळे आकड्याचं दडपण घेऊ नका. क्रम मात्र सांभाळा. आधी मध्यभागी मखर आणि त्यात झोपाळ्यावर बसलेली गौर आणि तिची सखी. त्यांच्या डोक्यावर आंब्याचं तोरण, दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र. मग वरून खाली येत शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूळ, डमरू, ॐ, स्वस्तिक, कलश, नारळ, समई. त्याखाली तुळशीवृंदावन, गाय-वासरू, गोपद्म, हत्ती, मोर, कासव, नाग, गरुड. नंतर बाईच्या संसारातल्या गोष्टी: करंडा, फणी, आरसा, मंगळसूत्र, बांगड्या, पंखा. शेवटी लक्ष्मीची पावलं आणि चौकट. वरून खाली काढत आलं की हात आधीच्या रेघांवर फिरत नाही. हात बसलेला नसेल तर आदल्या दिवशी कागदावर पेन्सिलने एकदा काढून बघा. मला स्वतःला छापाच्या चैत्रांगणापेक्षा हाताने काढलेलं, थोडं वाकडं हत्ती-मोरांचं चैत्रांगण फार आवडतं, कारण प्रत्येक घरचा हत्ती वेगळा असतो.

बोलवायचं कुणाला

हळदीकुंकू महिन्यातल्या कोणत्याही सोयीच्या दिवशी करता येतं. मंगळवार-शुक्रवार पसंत केला जातो, पण नोकरी करणाऱ्या मैत्रिणी जास्त असतील तर शनिवार-रविवार ठेवा. वेळ सहा ते साडेआठ, उन्हं उतरल्यावर. आमंत्रण मेसेजने दिलं तरी शेजारी आणि घरातल्या मोठ्या बायकांकडे प्रत्यक्ष जाऊन बोलवा.

हे हळदीकुंकू केवळ सुवासिनींचं, अशी रीत पुष्कळ घरांत अजून आहे. ती मोडावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते याच सणाच्या भावनेतून आलं आहे. लेक माहेरी आली आणि तिला भेटायला आलेल्या आजीला, आत्याला, थोरल्या बहिणीला नवरा हयात नाही म्हणून आतल्या खोलीत बसवलं, हे कोणत्या माहेराला शोभेल? विधवा, घटस्फोटित, अविवाहित सगळ्यांना बोलवा, आणि बोलावताना मुद्दाम सांगा की सगळं सगळ्यांना मिळणार आहे. हे न सांगितल्यामुळेच अनेक जणी दारातून परत जातात किंवा येतच नाहीत. कुणाला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर आग्रह न करता गजरा, अत्तर आणि ओटी द्या. घरातल्या ज्येष्ठ बाईला ही कल्पना रुचत नसेल तर आदल्या दिवशी शांतपणे तिच्याशी बोला. पाहुण्यांसमोर वाद होता कामा नये.

पंचवीस जणींसाठी जिन्नस

यादी छोटी आहे: आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड किंवा काकडीच्या फोडी, बत्तासे, गजरे, चंदन, अत्तर. समोसे, केक, आइस्क्रीम यांची भर घालू नका, त्यात डाळ आणि पन्हं झाकून जातं.

हरभरे: एक किलो कोरडे हरभरे भिजून साधारण दोन किलो होतात, प्रत्येकीला ओंजळभर देऊन थोडे उरतात. आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी दोनदा धुवा आणि सुती कापडावर पसरून पाणी सुकू द्या. पदरात किंवा पिशवीत पाणी निथळणारे हरभरे गेले तर साडी खराब होते. उकाड्यात ते दुपारपर्यंत चिकट व्हायला लागतात, म्हणून सुकल्यावर संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. उरले तर दुसऱ्या दिवशी उसळ.

पन्हं: एक किलो कैऱ्या, आंबट आणि घट्ट. सालासकट कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या करून वाफवा, गार झाल्यावर साल आणि कोय काढून गर गाळणीतून घासून घ्या. रायवळ कैरीला धागे असतात, गाळल्याशिवाय ते घशात येतात. गराच्या दीडपट गूळ घाला, कैरी फार आंबट असेल तर दुपटीपर्यंत जा. गूळ किसून गर कोमट असतानाच मिसळला की गाठी राहत नाहीत. वेलदोड्याची पूड आणि मीठ घाला, आणि मीठ विसरू नका, त्यानेच आंबट आणि गोड यांचा मेळ बसतो. केशराचा रंग दिसायला हवा असेल तर गुळाऐवजी साखर वापरा, गुळाच्या तपकिरी रंगात केशर दिसत नाही. हा घट्ट गर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवावा. आयत्या वेळी तीन लिटरच्या आसपास गार पाणी घालून चव बघत सारखं करा. पाणी वाळा घातलेल्या माठातलं असेल तर उत्तम. बर्फ ग्लासात घाला, पातेल्यात नाही, नाहीतर शेवटच्या दहा जणींना पाणीच मिळतं. सगळं काम स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. मधुमेह असणाऱ्या पाहुण्यांसाठी थोडा गर गूळ घालण्याआधीच बाजूला काढा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि पुदिना घातलेलं पन्हं तितकंच चांगलं लागतं.

आंबेडाळ: हा पदार्थ दिसतो सोपा, पण साधतो नेमकेपणाने. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, दोन मध्यम कैऱ्या, आठ-दहा हिरव्या मिरच्या, अर्ध्या नारळाचा चव, तीन-चार चमचे साखर, मीठ, कोथिंबीर. फोडणीला अर्धी वाटी तेल, मोहरी, अर्धा चमचा हिंग, चमचाभर हळद, सहा-सात सुक्या मिरच्या.

डाळ पिण्याच्या पाण्यात चार-पाच तास भिजवा. ती कच्चीच खायची असते, त्यामुळे पाणी शुद्ध हवं. उन्हाळ्यात रात्रभर भिजवली तर तिला वास येतो. नखाने दाबल्यावर दाणा तुटला की झालं. मग चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, ही पायरी वगळलीत की डाळीचं पिठलं झालंच समजा. मिक्सरमध्ये पाण्याचा थेंबही न घालता, एका वेळी दोन मुठी डाळ आणि थोड्या मिरच्या घेऊन, बटण चालू-बंद करत भरड वाटा. काही दाणे अर्धे राहिलेच पाहिजेत. पाट्यावर वाटायला वेळ आणि मनगट असेल तर त्याची चव निराळीच.

कैऱ्या सोलून किसा. एका कैरीचा सगळा कीस आणि दुसऱ्या कैरीचा निम्मा डाळीत मिसळून चव बघा, आंबटपणा प्रत्येक कैरीचा निराळा असतो, तेव्हा उरलेला कीस जिभेच्या सांगण्यावरून. तोतापुरी असेल तर जास्त लागतो. मीठ, साखर आणि कैरी डाळीला पाणी सोडायला लावतात, म्हणून हे मिसळण्याचं काम पाहुणे येण्याच्या तासभर आधी करा, त्याआधी नाही. कच्ची डाळ तेल पिते, त्यामुळे फोडणीत हात आखडता घेऊ नका, कोरडी आंबेडाळ घशात बसते. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच वरून घाला. गरम फोडणीने डाळ जागोजागी शिजते आणि खोबरं लवकर बिघडतं.

बाहेर ती दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अर्धी बाहेर काढा, अर्धी फ्रिजमध्ये. कच्ची डाळ पचायला जड, म्हणून लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसाठी थोडी वाटलेली डाळ सात-आठ मिनिटं वाफवून, मोकळी करून, मग कैरी घाला. त्यांना ती आवडते आणि पोटालाही त्रास होत नाही. उरलेली डाळ दुसऱ्या दिवशी थालीपिठात जाते.

गजरे: मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे सकाळी आणा, ओलसर सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि पाच वाजता बाहेर काढा. हळदीकुंकवाच्या वेळेपर्यंत कळ्या उमलू लागतात. पाणी मारून ठेवू नका, कडा तपकिरी होतात.

चंदन-कुंकू: चंदन सहाणेवर खोड उगाळून घेतलं तर त्याचा गारवा खरा. वीस मिनिटांचं काम आहे, घरातल्या कुणालाही बसवा. अत्तर उन्हाळ्याचं घ्या: वाळा, मोगरा किंवा गुलाब. हिना थंडीतला. कुंकू हळदीपासून केलेलंच आणा. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, कुंकवाचा मूळ रंग तोच. भडक रासायनिक कुंकवाने कपाळाला खाज येते, आणि ते पाहुण्यांना लावायचं असतं.

आरास

झोपाळ्यामागे साधं, एकरंगी कापड किंवा जुनी काठाची साडी. समोर पाटांच्या किंवा खोक्यांच्या दोन-तीन पायऱ्या, वर पांढरं कापड. त्यांवर कुंडीतली तुळस, घरात असतील ती लाकडी खेळणी, फळं, थोडा फराळ. आठ-दहा दिवस आधी उथळ पात्रात माती घालून गहू पेरले तर आराशीला कोवळी हिरवी रोपं मिळतात. ते रोज उजेडात ठेवा, अंधारात ती पिवळी वाढतात. कलिंगडाचं कमळ करायचं असेल तर छोट्या टोकदार सुरीने मधोमध, गाभ्यापर्यंत, चढउताराच्या तिरक्या कापांची साखळी करत फिरा आणि दोन्ही अर्धे हलकेच पिळून सुटे करा. ते शेवटच्या तासात कापा. विजेच्या माळा झोपाळ्याला गुंडाळू नका, हलताना वायर ताणली जाते. समई कापडापासून हातभर लांब ठेवा.

पाहुण्या आल्यावर

आधी पायांवर पाणी. दाराशी बादली-तांब्या ठेवायला जागा नसेल तर स्नानगृह मोकळं ठेवा, उन्हातून आलेल्या बाईला याचा आनंद गजऱ्याहून जास्त होतो. मग ती गौरीला हळद-कुंकू वाहते, झोका देते. नंतर तुम्ही तिला आधी हळद, मग कुंकू लावा. हाताच्या मागच्या बाजूला चंदनाचा लेप द्या आणि तो ओला असतानाच शिंपल्याच्या कडेने त्यावर नक्षी उठवा. ही पद्धत मागे पडत चालली आहे, आणि मुलींना ती मेंदीइतकीच आवडते. मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा, गजरा. मग हरभऱ्यांनी ओटी, सोबत एखादं हंगामी फळ आणि बत्तासे. ओटी पदरात घालतात, पण ड्रेस घातलेल्या मुलींसाठी कापडी पिशव्या किंवा पानांचे द्रोण तयार ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओले हरभरे घामेजतात.

डाळ-पन्हं देण्यासाठी एकीला वेगळी नेमा. हळदकुंकू लावणारीनेच स्वयंपाकघरात धावायचं ठरवलं तर दोन्हीकडे खोळंबा होतो. पाहुणीला बसवा, उभ्याउभ्या वाटी देऊन वाटेला लावू नका. उखाण्याचा आग्रह एकदाच करावा. देवीचं गाणं, आरती येत असेल तर म्हणा. नाहीतर गप्पा पुरेशा आहेत, त्यासाठीच सगळ्या जमल्या आहेत. भांडी, चमच्यांची जोडी यांसारखं वाण देण्याची चढाओढ संक्रांतीतून इथेही शिरू लागली आहे. ती टाळावी, चैत्रगौरीची भेट म्हणजे हरभरे आणि मोगरा.

परदेशात असाल तर ताजी कैरी बहुधा गोठवलेल्या फोडींच्या रूपात मिळते. पन्ह्याला ती चालते. डाळीला मात्र ती पिळून, बारीक चिरून घाला आणि आंबटपणा कमी वाटला तर लिंबू पिळा. थंड देशात एप्रिलमध्येही गारठा असतो, तिथे पन्हं बर्फाशिवाय द्या.

अक्षय्य तृतीया

या दिवशी पुरणपोळी किंवा आंबरसाचा नैवेद्य असतो. खानदेशात हीच आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. चैत्रभर हळदीकुंकू जमलं नसेल तर अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी करा, तो शेवटचा आणि हक्काचा दिवस आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर गौरीवर अक्षता वाहा, पुन्हा येण्याची विनंती करा आणि मूर्ती उचलून देव्हाऱ्यात नेहमीच्या जागी ठेवा. मूर्ती धातूची असल्याने विसर्जन नसतं. वाळलेली फुलं आणि गव्हाची रोपं कुंडीत जिरवा. झोपाळा धुऊन, उन्हात कोरडा करून, साखळ्या गुंतू नयेत म्हणून कागदात वेगवेगळ्या गुंडाळा आणि सुती कापडात बांधून ठेवा.